लोटनभाऊंची उतारशाळा

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

निवृत्तीनंतर माणसाने काहीतरी नवं शिकावं, असं शाळेतल्या प्रत्येक निरोप समारंभात मी दुसऱ्यांना सांगत आलो. स्वतःची पाळी आली तेव्हा कोणी शेळ्या पाळा म्हणालं, कोणी मिरचीच्या व्यापारात या म्हणालं. मी ग्रीक घेतली. नवा करार मुळात ज्या भाषेत लिहिला ती. मोबाइलवर वर्ग भरतो. शिकवणारे सर केरळचे आहेत, ते इंग्रजीत सांगतात आणि मी मराठीत समजून घेतो. मधला तोटा देव भरून काढतो.

ग्रीकला शांतता लागते म्हणून पाहुण्यांची खोली मी अभ्यासिका केली. पलंग सुटा करून माळ्यावर टाकला, टेबल लावलं, दारावर पाटी ठोकली. मीना म्हणाली, "आणि पाहुणे आले तर?" मी म्हणालो, "स्टेशनजवळ लॉज कशासाठी बांधलेत?" ती माळ्याची शिडी उचलून जागेवर ठेवायला गेली. पटलं असावं. (आमची ही घरात मावचीत, आमच्या आदिवासी बोलीतच बोलते. मी इथे शुद्ध मराठीत उतरवतो. आयुष्यभर मराठी शिकवल्यावर हात दुसरं काही लिहायला तयार होत नाही.)

आमच्या चर्चचे पाळक भूपेश वयाने लहान पण मनाने मोठे. उपासनेत त्यांनी मला दहा मिनिटं दिली. मी 'हामार्तिया' घेतला. आपण ज्याला पाप म्हणतो त्याचा मूळ ग्रीक अर्थ नेम चुकणे. लक्ष्य एकीकडे, तीर दुसरीकडे. सगळे छान ऐकत होते. बाहेर पडताना रायसिंग वळवी भेटला. त्याच्या धडगावकडच्या गावात तीरकामठ्याला त्याचा हात धरणारा कोणी नाही. म्हणाला, "मास्तर, माझा तीर आजवर चुकला नाही. मग पुढच्या रविवारी मी सुट्टी घेतली तर चालेल?"

शिकवण्यात अजून थोडी सुधारणा हवी.

१४ नोव्हेंबर

मिरचीचा हंगाम जोरात आहे. गावाबाहेरच्या मिरची वाळवायच्या पथाऱ्या लाल झाल्या आहेत आणि वारा तिकडून आला की अख्खं नंदुरबार एका सुरात शिंकतं. ग्रीक वर्गात मी तोंड उघडलं की सर म्हणतात, "ब्लेस यू."

लोटनभाऊ येऊन गेले. लोटन पाटील आमचे शेजारी, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. जातीने-धर्माने आमच्या मंडळीतले नाहीत, पण नाताळच्या नाटिकेत उतारशाळेचा, म्हणजे धर्मशाळेचा, मालक ते. कधीपासून, हे आता कोणाला आठवतही नाही. योसेफ आणि गरोदर मरिया बेथलेहेमात येतात, दार ठोठावतात, लोटनभाऊ दार उघडतात, मिशीवरून हात फिरवतात आणि आपल्या अहिराणीत गरजतात, "जागा नई शे! मांगनी गाडी धरा!" त्यावर जो हशा होतो तो स्टेशनपर्यंत ऐकू जातो. बाजूच्या मोहल्ल्यातली माणसं, पाटीलवाड्यातली माणसं, सगळी या एका वाक्यासाठी येतात आणि ते झालं की निम्मी उठून जातात. देवदूतांना कोणी थांबत नाही.

"मास्तर, औंदा मिशी आखो वाढाऊ का?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, वाढवा. नाटिकेचं लेखन-दिग्दर्शन माझ्याकडेच असतं.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज मोठा शोध लागला.

शुभवर्तमानात लूकने लिहिलंय की मरियेने बाळाला गव्हाणीत ठेवलं, कारण उतारशाळेत जागा नव्हती. ग्रीकमध्ये तिथे शब्द आहे 'कातालुमा'. हाच शब्द लूक पुढे एकदाच वापरतो, येशूने शिष्यांबरोबर शेवटचं जेवण केलं त्या खोलीसाठी. ती काही धर्मशाळा नव्हती, एका माणसाच्या घरातली पाहुण्यांची खोली होती! खऱ्या धर्मशाळेसाठी लूककडे वेगळाच शब्द आहे. बरेच अभ्यासक म्हणतात की योसेफ आपल्या मूळ गावी, नातेवाइकांच्या घरी गेला, पाहुण्यांची खोली आधीच भरलेली होती, म्हणून घरच्यांनी त्यांना आपल्याच राहत्या भागात घेतलं. त्या काळी तिथे गुरं घरातच बांधत, म्हणून गव्हाण घरात. कोणी हाकललं नाही. कोणी दार लावलं नाही. उतारशाळा नाही, मालक नाही!

वाचता वाचता मला आमचं नवापूरकडचं जुनं घर डोळ्यांपुढे दिसलं. एकच लांब खण, एका अंगाला आम्ही भावंडं, दुसऱ्या अंगाला गाय. थंडीत तिच्या श्वासाची ऊब आमच्यापर्यंत यायची. मीनाला धावत जाऊन सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मग गाय घरात नाही तर कुठे असणार? एवढ्यासाठी ग्रीक लागलं?"

घरच्यांना कदर नसते.

१ डिसेंबर, रविवार

मंडळीच्या पंचांच्या बैठकीत मी प्रस्ताव मांडला. यंदाची नाटिका मूळ ग्रीकला धरून करायची, उतारशाळा काढून टाकायची. कातालुमा म्हणजे काय ते फळ्यावर लिहून दाखवलं. भूपेश पाळक मन लावून ऐकत होते. म्हणाले, "मास्तर, मला फार आवडलं. खरंच. पण लोटनकाकांना कोण सांगणार?"

मी म्हणालो, सत्य सांगायला घाबरायचं कशाला, मी सांगतो.

३ डिसेंबर

सांगितलं. लोटनभाऊ ओट्यावर बसून मिशीला तेल लावत होते. सगळं शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, "म्हंजे तो मानूस व्हताच नई?"

"नव्हता."

"मंग इतला साल मी कोन व्हतू?"

चांगला प्रश्न आहे. मूळ संहिता आणि लोकपरंपरा यांतलं अंतर मी त्यांना समजावून दिलं. ते तेलाच्या बाटलीचं झाकण लावत "बरं" म्हणाले. किती मोकळ्या मनाचा माणूस! शिकलेल्यांनीसुद्धा इतक्या सहज घेतलं नसतं.

६ डिसेंबर

लोटनभाऊंना ग्रीकची गोडी लागलेली दिसते. रोज एक शंका घेऊन येतात. परवा विचारलं, "त्या गावमा चहानी टपरी ते व्हई ना?" मी म्हणालो, त्या काळी चहा नव्हता. काल म्हणाले, "तो हेरोद राजा. त्यान्हा दारवर वॉचमन व्हई ना? तो 'जागा नई शे' म्हनी सकस." आज विचारलं की मेंढपाळांत कोणी वयस्क, मिशीवाला असू शकतो का. मी सांगितलं, मेंढपाळ संडे स्कूलची मुलंच असतात. जिज्ञासू माणूस. वर्गाला नाव घाला म्हणालो तर उठून गेले.

९ डिसेंबर

निर्मलाताईचा फोन. माझी थोरली बहीण, गावाकडे असते. तिच्या सुनेचे, प्रमिलाचे, दिवस भरत आले आहेत. डॉक्टरांनी नाताळच्या आसपासची तारीख दिली आहे आणि गावापासून मोठा दवाखाना लांब, म्हणून दोघी आधीच आमच्याकडे येऊन राहतो म्हणाली. मी म्हणालो, जरूर या. दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर उत्तम लॉज बघून ठेवतो, खर्च माझा. घरी अभ्यासिकेत सगळी टिपणं पसरलेली आहेत, मरियेचा प्रवेश अजून जमलेला नाही, आणि बाळंतिणीला शांतता हवी. ताई "बरं दिनेश" म्हणाली.

आजकाल सगळेच चटकन 'बरं' म्हणतात. समजूतदारपणा वाढतो आहे.

१२ डिसेंबर

घरात जेवण फिकं येऊ लागलं आहे. वरण फिकं, भाजी फिकी, चटणी तर ताटातून नाहीशीच झाली. नंदुरबारात राहून! मी विचारलं तर मीना म्हणाली, "मूळ चव आहे. मसाला मागाहून लोकांनी घातला."

पोटाचं काही असेल तिचं.

१५ डिसेंबर, रविवार

तालीम. योसेफ आणि मरिया आले. घरच्यांनी दार उघडलं, "या, या" म्हणाले. ती आत जाऊन बसली. बाळ झालं. नाटिका संपली.

सगळे माझ्याकडे बघत राहिले. बाहेरून मिरचीचा झोत आला तेव्हा देवदूत शिंकला, तेवढाच काय तो हशा. भूपेश पाळक हळूच म्हणाले, "मास्तर, अर्थ बरोबर आहे. पण यात कोणाला काहीच करावं लागत नाही." मी म्हणालो, सत्य साधंच असतं. पण आवाजात दम नव्हता, हे लिहून ठेवतो.

रायसिंगने विचारलं, "लोटनभाऊ नाहीत?" मी नाही म्हणालो. मग नाताळच्या संध्याकाळी त्यालाही जरा काम निघेल, म्हणाला.

लोटनभाऊ इतक्यात दिसलेले नाहीत. मोबाइलवर वर्ग चालू असताना त्यांचा आवाज भिंतीपलीकडून यायचा त्याचा मला त्रास व्हायचा. आता येत नाही, तर त्याचाही होतो.

१७ डिसेंबर

लोटनभाऊंसाठी दुसरी भूमिका सापडते का म्हणून सकाळी लूक पालथा घातला. आणि सापडली! वाटेत लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या माणसाला एक परका शोमरोनी माणूस उचलून नेतो, ती गोष्ट. तो त्याला नेतो तिथे लूकने खरीखुरी धर्मशाळा लिहिली आहे, 'पांदोखेयोन', आणि तिचा मालकही आहे. फोड केली तर अर्थ निघतो सगळ्यांना घेणारं ठिकाण. अख्ख्या शुभवर्तमानात उतारशाळेचा मालक एकदाच येतो, आणि तो रक्ताने माखलेल्या अनोळखी माणसालाही आत घेतो. ज्या धंद्याचं नावच 'सगळ्यांना घेणारा', त्याला आम्ही दरवर्षी हाकलणारा करून उभा केला.

हे सांगायला मी तसाच शेजारी गेलो. लोटनभाऊ बाजारात गेले होते. बेबीबाई, त्यांच्या मिसेस, मिरचीची देठं खुडत बसल्या होत्या. मी ग्रीक सुरू केलं, पण त्यांनी मध्येच तोडलं. "मास्तर, तुमले एक सांगू का? दरसाल तुमनं नाटक व्हयनं का तुमना भाऊ घर येतस, हातपाय धोतस, आन म्हंतस, बेबी, आज बी त्या पोरले मी बाहेर काढं. त्या रातले जेवत नईत."

"पण त्यांना तर ती भूमिका इतकी आवडते!"

"आवडस ते. दुसरा दिन मिशीले तेल लाईसन गावभर फिरतस. पन त्या रातले जेवत नईत."

लोटनभाऊ पिशवी घेऊन दारात कधी उभे राहिले ते आम्हाला कळलं नाही. मला काहीतरी बोलायचं होतं म्हणून म्हणालो, "लोटनभाऊ, एसटीत कितीदा म्हटलं असेल हे वाक्य."

"कोनलेच नई," ते म्हणाले. चिडलेच जरा. "धडगावनी गाडी. घाटमा पुढली गाडी कधळ येई कोन जाने. बाई हात दाखाडस, काखमा पोर, तिले सोडी देऊ का मी? कोनलेच खाले सोडं नई. लोके म्हनेत, जागा नई शे. मी म्हनू, जागा राहस कोठे? जागा करनी पडस. सरका म्हनं का सरकतस लोके."

धर्मशाळेची गोष्ट नाताळात बसत नव्हती, म्हणून मी त्यांना नाटिकेतलीच नवी भूमिका देऊ केली, घरधन्याची. योसेफ-मरियेला भरल्या घरात घेणारा. ते पिशवीतली वांगी काढत राहिले. म्हणाले, "इचार करस."

मला वाईट वाटलं. का, ते नीट सांगता येत नाही. शोध तर माझाच बरोबर आहे.

२२ डिसेंबर, रविवार

दिवसभर नुसता वैताग. निर्मलाताई आणि प्रमिला दुपारच्या बसने येणार होत्या आणि लॉजवाल्याने ऐन वेळी हात वर केले. लग्नाचं वऱ्हाड उतरलं आहे म्हणे. दुसरीकडे गेलो, तिथेही नाही. तिसऱ्याने तर काउंटरवरून मान वर न करता सांगितलं, "जागा नाही, पुढे बघा." नऊ महिने भरलेली पोर आहे म्हणालो, तरी नाही. माणुसकी कशी ती उरलेली नाही. यावर एखाद्या रविवारी बोलायला हवं.

घरी पोचलो तर दोघी ओट्यावर, पिशव्यांसह. प्रमिलाचे पाय सुजलेले. मीना त्यांच्याशेजारी बसलेली, आणि माझ्याकडे असं बघत होती की मी लॉजवाल्यांची तक्रार अर्ध्यातच सोडली. तेवढ्यात लोटनभाऊ कुंपणावरून आले. त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. सरळ घरात शिरले आणि अभ्यासिकेच्या दारात उभे राहिले.

"मास्तर, अठे कोन बठेल शे?"

"कोणी नाही. माझं टेबल आहे. ग्रीकची पुस्तकं..."

"टेबलनं तिकिट काढेल शे का?"

मी टेबलावरचा शब्दकोश मिटला.

"नई ना? मंग सामान टपवर," लोटनभाऊ म्हणाले, "आन मानूस सीटवर. चला, उचला."

एका बाजूने त्यांनी धरलं, दुसऱ्या बाजूने मी. जिन्यात ते मला "सरका, मास्तर, डावाकडे सरका" असं सांगत होते. टेबल गच्चीवर गेलं, शब्दकोश गच्चीवर, पाटीसुद्धा गच्चीवर. माळ्यावरचा पलंग खाली आला. मीनाने त्यावर गोधडी घातली आणि प्रमिला आडवी होताच झोपलीसुद्धा. जाताना लोटनभाऊ म्हणाले, "ते घरधनीनं काम. करस मी."

संध्याकाळी जेवणात लसणाची चटणी होती. डोळ्यांत पाणी आलं. चटणीने आलं असं मी मीनाला सांगितलं.

२५ डिसेंबर, नाताळ

आताच आलो. जमेल तसं लिहितो.

चर्चच्या पटांगणात मुंगीला वाट नव्हती. घरधन्याच्या घरात मी मुद्दाम जास्त माणसं बसवली होती, कातालुमा भरलेला दिसावा म्हणून. पाहुणे, म्हाताऱ्या, पोरं, आणि रायसिंगने आणलेली एक खरी बकरी. योसेफाने दार ठोठावलं. लोटनभाऊंनी उघडलं. मिशी अशी की दोन्ही टोकांना पणत्या ठेवाव्यात.

मागून पोरं ओरडायला लागली, "जागा नई शे! लोटनभाऊ, जागा नई शे!" सगळं पटांगण हसू लागलं. लोटनभाऊंचा मिशीवर हात गेला, तिथेच थांबला. मला वाटलं, गेलं, आता हे जुनंच वाक्य म्हणणार, टाळ्यांचा मोह कोणाला सुटलाय.

मग ते वळले, मरियेकडे पाठ करून आतल्या गर्दीकडे, आणि त्या घाटातल्या आवाजात म्हणाले, "सरका! चला, मांगे सरका! ती पिशवी मांडीवर ल्या. दादा, तुमीन उभा ऱ्हा, बाई उभी शे दिसत नई का? बकरीले कोपरामा करा. सरका!"

आणि सरकले की हो सगळे. रंगमंचावरचे तर सरकलेच, पण खाली सतरंजीवर बसलेले पाटीलवाड्यातले, मोहल्ल्यातले, पंच, भूपेश पाळक, आम्ही सगळे नकळत मागे सरकलो. सवयच आहे, त्या आवाजाने सरकायची. पुढे मोकळी जागा झाली. मरिया बसली. लोटनभाऊंनी वर हात करून नसलेली दोरी ओढली आणि तोंडाने म्हणाले, "टिंग टिंग."

आधी कोणी हसलंच नाही. मग जे हसले ते थांबेनात, आणि शेजारी निर्मलाताई हसत होती का रडत होती ते मला कळलं नाही. तिने माझा हात धरला होता. प्रमिला गर्दीत मागे उभी होती, तिलाही लोकांनी त्याच झटक्यात पुढे आणून बसवलं. या वर्षी देवदूतांपर्यंत कोणी उठून गेलं नाही.

इतके दिवस मी कातालुमा भरलेला होता एवढंच शिकवत होतो. भरलेल्या घरात ती माणसं मावली कशी, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. मी पोटभर रडलो. मिरचीचा वारा होता, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही.

बेबीबाई सांगत होत्या, आज लोटनभाऊ जेवले. दोनदा वाढून घेतलं.

२८ डिसेंबर

प्रमिलाला मुलगी झाली. नाताळ उलटून गेल्यावर, भर दुपारी, अगदी कोणाच्याही नाटिकेत न बसणाऱ्या वेळी. दोघी सुखरूप. आज घरी आल्या आणि त्यांच्यामागे निम्मं गाव आलं. निर्मलाताईचा मुलगा, व्याही, विहीण, आणखी कोण कोण. खोली भरली, बैठक भरली, स्वयंपाकघरात मीनाने अंथरुणं घातली. मी गच्चीवर टेबलापाशी गेलो तर शब्दकोशावर मिरचीची लाल धूळ बसलेली, पान उलटलं की शिंक. तिथेही व्याह्यांनी पथारी पसरलीच होती.

शेवटी गोधडी काखोटीला मारून मी शेजारचं दार ठोठावलं.

लोटनभाऊंनी उघडलं. माझ्याकडे बघितलं, गोधडीकडे बघितलं. मिशीवरून सावकाश हात फिरवला.

"जागा नई शे," ते गरजले, "मांगनी गाडी धरा!"

आणि दार पूर्ण उघडून बाजूला सरकले.